सेव्हच्या जागी

मित्रांनो, या गावातल्या निम्म्या संसारांच्या आठवणी मी घडवल्या आहेत. म्हणजे संसार ज्यांचे त्यांनी केले, शूटिंग दादाने केले आणि त्यातले काय ठेवायचे, काय नाही, ते ताईने ठरवले. मी वायरचा एक जुना माऊस आहे. लग्नाच्या व्हिडिओतली मामांची जांभई कापताना जे 'टिक्' वाजले, तेवढे माझे.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझ्यासारखेच असंख्य भाऊ एका पट्ट्यावरून सरकत चालले होते, त्यामुळे कुणाचे वेगळे लाड झाले नाहीत. एका बाईने मला उचलले, डावे बटण दाबले, उजवे दाबले, चाक फिरवले आणि खोक्यात टाकले. माझे बालपण एवढेच.

मला डोळे नाहीत. पोटाखाली एक लाल दिवा आहे, त्याच्या उजेडात खालचे पॅड तेवढे दिसते. पडदा मी आजवर पाहिलेला नाही. ज्या कामात माझी हयात गेली ते काम दिसते कसे, हे मला ठाऊक नाही. पण असे सांगणारी माणसेही पुष्कळ भेटतात, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही. मला जे कळते ते हातावरून आणि कानावरून.

मी आलो ते एका फोटो-व्हिडिओच्या दुकानात. पुढे काउंटर, पासपोर्ट फोटोसाठी एक डगमगते स्टूल, त्यामागे निळा पडदा आणि पडद्यामागे बिनखिडकीची खोली. खोलीत टेबल, टेबलावर मी. दुकान बहीण-भावाचे. भाऊ कॅमेरा चालवतो, बहीण एडिटिंग करते. भाऊ वयाने मोठा, तरी तिला ताईच म्हणतो, कारण सगळा रस्ता तिला ताई म्हणतो आणि चारचौघांपेक्षा वेगळे वागण्याचा त्याचा स्वभाव नाही. ती त्याला दादा म्हणते, मुख्यतः भांडताना.

एडिटिंग म्हणजे काय, ते सांगतो. दादा जे चित्रित करून आणतो त्यात सगळे असते. हसणारी माणसे असतात, हसून झाल्यावर चेहरा जागेवर आणणारी माणसे असतात, आणि कॅमेरा बंद करायला विसरल्यामुळे दादाचे बूटही असतात. ताई त्यातले नको ते कापते, हवे ते जोडते आणि वर गाणे चढवते. लोक पाहतात आणि म्हणतात, "अय्या, किती छान दिसतोय आपण!" मग विचारतात, "कॅमेरा कुठला हो?" माऊस कुठला, हे आजपर्यंत कुणी विचारलेले नाही.

या कामात आमची बोटे, म्हणजे तिची बोटे आणि माझे पोट, वाटा पाठ करतात. कात्री डावीकडे, जरा खाली. आवाजाची पट्टी तळाशी. आणि सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात, सेव्ह. ताईच्या डाव्या हातात कायम चहाचा कप. त्यामुळे कीबोर्डावरून सेव्ह करणे तिला कधी साधले नाही, ते खाते माझ्याकडे. एक कापले की सेव्ह. एक जोडले की सेव्ह. शिंक आली तरी सेव्ह. फार पूर्वी एकदा ऐन वेळी वीज गेली आणि एका जोडप्याचा अर्धा समारंभ तिच्याबरोबर गेला. तेव्हापासून ताई सेव्ह करते ती दाराला कडी लागली का हे अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पाहणाऱ्या माणसासारखी. पॅडवर त्या कोपऱ्याच्या दिशेने एक गुळगुळीत वाट पडली आहे. तेवढे एक स्मारक माझे मी उभारले आहे.

मित्रांनो, असे सुखात चालले असताना अधूनमधून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे नवे व्हर्जन येते. चार दिवस माहेरी जाऊन यावे आणि जाऊबाईंनी मांडणीवरचे सगळे डबे हलवून ठेवलेले असावेत, तसे ते असते. साखर तीच असते, फक्त मिठाच्या जागी असते. एका व्हर्जनमध्ये सगळे राखाडी होते ते काळे झाले. दुसऱ्यात बटणांवरची नावे गेली आणि नुसती चित्रे राहिली. तिसऱ्यात चित्रेही इतकी बारीक झाली की ताईने चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डॉक्टरांकडे चक्कर मारली. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत.

"कुणी सांगितलं होतं यांना हलवायला?" ताई विचारायची.

"सोपं केलंय म्हणतात," दादा काउंटरवरून सांगायचा.

"कुणाला?"

दादा गिऱ्हाइकाकडे वळायचा. मग दोन-तीन दिवस आमची फार ओढाताण व्हायची. मी कात्रीकडे जायचो तर तिथे रंगाचा डबा. रंगाकडे जायचो तर तिथे काहीच नाही. पण ताई चिवट. कुरकुरत, नशिबाला बोल लावत ती नवी वाट पाठ करायची, आणि ती पाठ झाली की पुढचे व्हर्जन यायचे. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र कधी हलली नव्हती, ती म्हणजे सेव्ह. सरकारे बदलली, कोपरा तोच.

मधल्या काळात दादाने एक नवा माऊस आणला. त्याला शेपूट नव्हते आणि तो गुळगुळीत होता. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथे एक पंचिंग मशीन आणि वाळलेले मार्कर यांच्यात मी पुष्कळ चिंतन केले. दुसऱ्याच दिवशी ड्रॉवर उघडला. "साबणाच्या वडीसारखा निसटतो मेला," असे म्हणून ताईने मला बाहेर काढले आणि त्याला आत टाकले. ताईवरचा माझा जीव त्या दिवसापासून आहे असे नाही, तो आधीपासूनच होता. पण त्या दिवशी तो मला स्वतःला कळला.

आता खरी हकीकत सांगतो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक घड्याळजी काका होते. घड्याळे दुरुस्त करण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण त्यांना बोलण्याची घाई कधीच नव्हती. तुम्ही त्यांना वेळ विचारलीत, तर उत्तर येईपर्यंत ती बदललेली असायची. त्यांच्या वाक्याचे शेवट बहुधा काकूच करून टाकायच्या. या दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून त्यांच्या लेकीने हॉलवर कार्यक्रम ठरवला आणि तिथे दाखवायला आमच्याकडून व्हिडिओ मागितला.

दादाने काकांना त्यांच्या दुकानातच बसवले आणि प्रश्न विचारले. काकूही तिथेच, कॅमेऱ्याच्या बाजूला बसल्या होत्या. पण त्यांचे सगळे लक्ष, मागच्या फळीवरची धूळ चित्रात दिसते का, याकडे होते. शेवटचा प्रश्न होता, "काका, काकूंना काय सांगाल?"

यावर काका गप्प बसले. चांगले गप्प बसले. आणि मग म्हणाले, "बरं चाललंय."

हा भाग एडिट करायला घेतला तेव्हा ताईचा हात मला घेऊन कात्रीकडे गेला, कात्री उचलली, त्या गप्प बसण्यापाशी आला आणि तिथेच घुटमळला. मग तिने कात्री ठेवून दिली.

"दादा, इकडे ये जरा. हे बघ. चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग काकूंकडे बघतायत बघ, काकूंचं लक्षच नाहीये. आणि आता बोलतील."

"किती वेळ नुसतेच बसलेत गं! काप की मधलं."

"तू कॅमेरा चालव."

काकांचे गप्प बसणे अशा रीतीने राहिले. व्हिडिओ तयार झाला. फक्त सुरुवातीला दोघांची नावे घालायची बाकी होती.

नेमक्या त्याच आठवड्यात दादाने नवा कॅमेरा घेतला. नव्या कॅमेऱ्याचे चित्र जुन्या व्हर्जनमध्ये उघडेना, म्हणून नवे व्हर्जन आले. ते आल्या आल्या ताईला म्हणाले की आता सेव्ह करण्याची काळजी सोडा, आमचे आम्ही करतो. हे त्याने छोट्या अक्षरांत लिहिले होते आणि ताईने मोठ्या तत्परतेने ते बंद केले. सेव्हचे बटण त्यांनी काढून टाकले होते. रिकामा कोपरा बरा दिसेना, म्हणून तिथे दुसरे बटण आणून बसवले होते. हल्ली फोनसमोर एका दमात बोलणारी जी माणसे असतात, त्यांच्या सोयीचे बटण. ते दाबले की बोलण्यातल्या सगळ्या शांत जागा आपोआप कापल्या जातात आणि उरलेले शब्द एकमेकांना चिकटतात.

ताईने काका-काकूंचा व्हिडिओ उघडला. काकांचे नाव घातले. आम्ही सवयीने वर डाव्या कोपऱ्यात गेलो, टिक्. एक चौकट उघडली आणि तिने काहीतरी विचारले. ताई 'हो' म्हणाली. चौकट वाचून मग 'हो' म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही, आणि मी पाहत नाही हे खरे असले तरी ऐकण्यातही नाही. काकूंचे नाव घातले. टिक्, हो. अक्षरांचा रंग बदलला. टिक्, हो. ताईची नजर सुरुवातीच्या नावांवर, आणि तिकडे पुढे काकांचे एकेक थांबणे नाहीसे होत होते. आधी मोठी गेली, मग छोटी गेली, शेवटी श्वास घ्यायलाही जागा राहिली नाही. मी नुसता निरोप्या. वर काय लिहिले आहे ते निरोप्याने वाचायचे नसते.

शुक्रवारी संध्याकाळी काका, काकू आणि त्यांची लेक व्हिडिओ पाहायला आली. बिनखिडकीच्या खोलीत खुर्च्या दाटीने मांडल्या. ताईनेही तो पुन्हा पाहिलेला नव्हता. इतक्यांदा पाहिलेली गोष्ट कोण परत पाहतो?

व्हिडिओत काका बोलू लागले आणि थांबेचनात. पहिले दुकान, पहिले घड्याळ, लेकीचा जन्म, सगळे एका श्वासात, पाठांतर म्हटल्यासारखे.

"बाबा! तुम्ही किती घडाघडा बोललात!" लेक म्हणाली.

"मी?" काका म्हणाले.

"हा कोण?" काकूंनी विचारले.

"अगं आई, बाबा आहेत."

"तुझे बाबा असे बोलत नाहीत. हा विमा विकतोय."

तेवढ्यात शेवटचा प्रश्न आला. काकूंना काय सांगाल, हे दादाचे शब्द पुरते संपलेही नव्हते, आणि व्हिडिओतले काका म्हणाले, "बरं चाललंय." लगेच गाणे.

लेक हसली. दादाही हसला. काकू हसल्या नाहीत.

"पन्नास वर्षं," त्या म्हणाल्या. "विचारणाऱ्याचा प्रश्न तरी संपू द्यायचा होता. क्षणभर विचार करण्याइतकीसुद्धा मी नाही का हो?"

काकांची अडचण अशी होती की स्वतःची बाजू मांडायलाही त्यांना वेळ लागतो. "अगं..." असे म्हणून ते शब्द शोधू लागले, आणि शब्द सापडेपर्यंत काकू पिशवी उचलून पडद्याबाहेर गेल्या होत्या.

"हे लावायचं नाही हॉलवर," बाहेरून आवाज आला. "लावलंत तर मी येणार नाही."

"ताई, परवा सगळे येणार आहेत हो," लेक रडवेली होऊन म्हणाली आणि आईच्या मागे धावली.

काका तिथेच राहिले. खुर्ची करकरली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मी... असं नव्हतो ना बोललो?"

"नाही हो काका. तुम्ही थांबला होतात. चांगले थांबला होतात. मी स्वतः ठेवलं होतं ते."

"मग ते..." काका पुन्हा थांबले. "ते परत मिळेल का?"

मित्रांनो, दुकानात लोक हरवलेले फोटो मागतात, पुसलेला आवाज मागतात. आपले गप्प बसणे परत मागणारा माणूस त्या खोलीत पहिल्यांदाच आला होता.

"मिळेल," ताई म्हणाली. हात मात्र घामेजला होता, ते मला कळले.

काका गेल्यावर आम्ही कामाला लागलो. एडिटिंगमध्ये कापलेले काही फेकले जात नाही. शर्टाची बाही दुमडावी तसे ते आत दुमडलेले असते, आणि कडा धरून ओढली की उलगडते. जुन्या व्हर्जनमध्ये तरी तसे होते. ताईने माझ्याकडून कडा पकडली आणि ओढली. नव्या व्हर्जनमध्ये कडा ओढली की चित्र उलगडत नाही, ताणले जाते.

"बऽऽऽऽरं चाऽऽऽऽ," काका एखाद्या विहिरीच्या तळातून म्हणाले.

दादा काउंटरवरून धावत आला. "कोण पडलं?"

"कुणी नाही. जा."

पण दादा गेला नाही. स्टूल ओढून बसला. "हे बघ ताई, सोपा उपाय सांगतो. मी कॅमेरा लावत होतो तेव्हा काका नुसतेच बसले होते, तेही शूट झालंय. त्यातला तुकडा घे आणि मध्ये चिकटव. गप्प ते गप्प. कुणाला कळतंय?"

"काकूंना कळेल."

"कसं काय?"

"तिथे ते तुझी वाट बघत गप्प बसलेत. इथे त्यांच्यासाठी गप्प बसलेत. पन्नास वर्षं ऐकतेय ती बाई ते. तिला फरक कळणार नाही?"

दादाने यावर विचार केला. "मला नसता कळला," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ताईने आणखी दोन-चार ठिकाणी ओढून पाहिले. काका एकदा बारीक आवाजात बोलले, एकदा उलटे बोलले. मग घाबरलेला माणूस जे करतो ते तिने केले. जे उरले आहे ते तरी राहू दे म्हणून सेव्हकडे गेली. टिक्. चौकट उघडली. हात 'हो' कडे निघाला आणि मध्येच थांबला.

"शांत जागा काढून टाकायच्या?" ताईने वाचले. "दादा, हे काय?"

"काय?"

"अगं बाई. सेव्ह नाहीये हे. सेव्ह समजून मी हेच दाबतेय. कधीपासून दाबतेय!"

"म्हणजे काकांचं बोलणं तूच—"

"तू गप्प बस."

"आता तर गप्प बसायलाच पाहिजे," दादा म्हणाला. "या दुकानात तेच कमी पडलंय."

ताई हसायला लागली. बराच वेळ हसली. मग तिने एक गोष्ट केली, जी एवढ्या वर्षांत कधी केली नव्हती. चहाचा कप दादाच्या हातात दिला, खुर्ची पुढे ओढली आणि मला पाठ असलेल्या एकाही वाटेने नेले नाही. ती मला एका बटणावर घेऊन गेली आणि दाबले नाही. नुसती थांबली.

मला ते फार अवघड गेले. माझा जन्म सरकण्यासाठी. थांबलेला माऊस म्हणजे जेवणाची सुट्टी. पण थोडा वेळ तसेच उभे राहिल्यावर दादा म्हणाला, "ए, नाव आलं बघ त्याचं खाली."

नव्या व्हर्जनने नावे काढून टाकलेली नव्हती. फक्त कुणी आपल्यापाशी थांबल्याशिवाय ते ती सांगत नव्हते. मग आम्ही एकेका दारापाशी जाऊन उभे राहिलो. हे रंगाचे. हे आवाजाचे. हे कशाचे ते नाव वाचूनही दोघांना कळले नाही. हे पुन्हा रंगाचे. आणि एका कोपऱ्यात, पूर्वी जिथे काहीच नसायचे तिथे, दादाने मोठ्याने वाचले, "वेग न बदलता लांबी वाढवा."

"हेच ते," ताई म्हणाली.

तिने कडा धरली. मी इतका हळू आजवर सरकलो नव्हतो. बाही उलगडली. खोलीत काका गप्प बसलेले ऐकू येऊ लागले. मागे त्यांच्या दुकानातली घड्याळे चालली होती, कापडाचा बारीक आवाज आला, रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली. आणि मग, "बरं चाललंय."

"आलं," दादा म्हणाला. कप अजून त्याच्याच हातात होता, आणि त्यातला चहा त्याने पिऊन टाकला होता.

बाकीचे थांबेही आम्ही असेच एकेक करून उलगडले. त्याला बराच वेळ लागला, आणि कुणाची तक्रार नव्हती.

शनिवारी सकाळी लेकीने काकूंना जवळजवळ ओढत आणले. मागून काका आले. काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, केव्हाही उठता येईल अशा. व्हिडिओ सुरू झाला. काका नेहमीसारखे अडखळत, शब्दाशब्दाला थांबत बोलू लागले. दोनदा व्हिडिओतल्या काकांचे वाक्य काकूंनीच पुरे केले, सवयीने, आणि दोन्ही वेळा बरोबर केले.

शेवटचा प्रश्न आला. काका गप्प बसले. खोलीतही कुणी हलले नाही. पंखा तेवढा फिरत होता. पिशवीतल्या किल्ल्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"बरं चाललंय."

गाणे सुरू व्हायच्या आत काकू म्हणाल्या, "मागे घ्या जरा. परत लावा."

ताईने परत लावले. मग आणखी एकदा.

"हा आमचा माणूस," काकू म्हणाल्या. "चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतोय बघा. खिशात रुमाल दिलाय मी, धुतलेला." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्याकडे कधी बघत होते ते? मला दिसलंच नाही."

"तू फळीकडे बघत होतीस," काका म्हणाले. आणि नवल म्हणजे हे त्यांनी लगेच सांगितले. मग त्यांनी विचारले, "मी... इतका वेळ गप्प होतो?"

"आज कळलं तुम्हाला?" काकू म्हणाल्या. ताईकडे वळून त्यांनी बजावले, "यातलं चिमटीभरसुद्धा कापायचं नाही हं. सगळ्यांना बघू दे."

मित्रांनो, माझ्या वयाला उपदेश करणे शोभते, म्हणून करतो. नवे व्हर्जन आले की रागावू नका आणि घाईघाईने 'हो' म्हणू नका. अनोळखी बटणापाशी जाऊन थोडे थांबा, ते स्वतःहून नाव सांगते. माणसांचेही बहुधा तसेच असावे, पण माणसांपाशी जाऊन थांबण्याचा मला अनुभव नाही. तुमच्या घरी एखादा जुना माऊस असेल तर त्याची वायर घट्ट गुंडाळू नका, त्याच्या पोटाखालचा मळ अधूनमधून काढा, आणि त्याचे बटण हलके दाबा. रागाच्या भरात जोरात दाबले म्हणून काम लवकर होत नाही. आमचे दुखते, हे सांगायला आम्हाला तोंड नाही.

रविवारी हॉलवर व्हिडिओ लावला. मी अर्थातच नव्हतो, दादाने येऊन सांगितले. काका गप्प बसले तेव्हा हॉलच्या माणसाला वाटले की व्हिडिओ अडकला. त्याने तो पुढे ढकलून थेट गाण्यावर नेला आणि जेवण तयार असल्याचे माईकवरून जाहीर केले.